वरच्या मजल्यावरचे शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने यंदा मला ‘घरातले मासे’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे, ही बातमी फुटताच आपल्यातल्या एका भगिनीने मला रस्त्यात गाठून विचारले, “मग सुकटीचेही सांगणार ना?” तिचा मुळीच दोष नाही. भिवंडीकडच्या माणसाला मासा म्हटले की तवा आठवतो, आणि पहिला पाऊस पडला की चिवणी आणि वलगण. पण आज बोलावयाचे आहे ते काचेच्या पेटीत पोहणाऱ्या माशांविषयी, आणि त्यांतही मुख्यत्वे पाण्याच्या वरच्या थरात राहणाऱ्या माशांविषयी.

एवढा बारीक विषय घेण्याचे कारण असे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात बऱ्याच घरी काचपेट्या आल्या. कुठे मुलांच्या हट्टाने आल्या, कुठे वास्तू पाहणाऱ्याच्या सल्ल्याने आल्या. त्यांतल्या निम्म्या आज माळ्यावर आहेत. एकीत तर मी कांदे भरलेले पाहिले. पेटी रिकामी झाली कारण मासे मेले. पण मासे का मेले याची चौकशी करू जाता आजारापेक्षा शेजारच अधिक नडलेला आढळतो. आणि शेजार सर्वांत जास्त बिघडतो तो वरच्या थरात. कारण आपण दुकानात उभे राहतो तेव्हा डोळ्यांत भरतात ते वर तरंगणारे, झुपकेदार शेपट्यांचे, रंगीत मासे. दहा रंगांचे दहा मासे घ्यावयाचे, पिशवीत एकत्र घालावयाचे आणि घरी आणावयाचे! लग्न जुळवताना आपण घराणे पाहतो, गोत्र पाहतो, मुलाचा स्वभाव चार ठिकाणी विचारून घेतो. इथे मात्र नुसता रंग पाहून संसार थाटतो.

माशांची पेटी ही तीन मजली चाळ समजावी. तळमजल्यावर वाळूत नाक खुपसून फिरणारे भाडेकरू, मधल्या मजल्यावर थव्याने ये-जा करणारे, आणि वरच्या मजल्यावर पाण्याच्या पृष्ठभागाला पाठ लावून राहणारे. कोण कुठल्या मजल्याचा हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. माशाचे तोंड पाहावे. आपण बाजारात शिंगाळा घेतो तेव्हा त्याचे तोंड कसे असते? खालच्या अंगाला, मिशा लोंबत असलेले, आणि पोट सपाट. म्हणजे हा तळातले अन्न चाचपून खाणारा. याच्या अगदी उलट, ज्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते, पाठ पट्टीसारखी सरळ असते आणि पाठीवरचा पर बराच मागे, शेपटीकडे सरकलेला असतो, तो वरच्या थरातला. पाण्यावर पडलेला किडा खालून टिपावयाचा तर तोंड वर हवे, आणि पृष्ठभागाला भिडावयाचे तर पाठ सरळ हवी. सरळ समोर उघडणारे तोंड म्हणजे मधला मजला. ही एवढी खूण ध्यानात ठेवली तरी निम्मी निवड झाली.

आता एका घरची हकीगत सांगते. त्या भगिनीची परवानगी घेतली आहे. तिच्या मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून पेटी घेतली. दुकानदाराने त्याला एक निळा फायटर, सहा गप्पी, चार टायगर बार्ब आणि एक एंजल असे मासे दिले. मुलाची हौस, त्याने पेटी अभ्यासाच्या टेबलावरच ठेवली. तिसऱ्या दिवशी गप्पींच्या शेपट्या कातरल्यासारख्या झाल्या. ते काम टायगर बार्बचे. लांब, सावकाश हलणारा पर दिसला की त्याला तोडण्याचा मोह त्यांना आवरत नाही. फायटरला गप्पीच्या रंगीत शेपटीत दुसरा फायटर दिसला, म्हणून त्याने उरल्यासुरल्यांचा पाठलाग चालविला. आणि बार्बनी मग फायटरचेही पर तोडले. एंजलने काय केले, तर सर्वांत लहान दोन गप्पी गिळून टाकले. पंधरा दिवसांत पेटीत बार्ब आणि एंजल उरले. कुणा पाहुणीने सहज म्हटले, “याच्या हाताला गुण नाही बाई.” आठ-नऊ वर्षांचे पोर ते; दुसऱ्या दिवशी वाटीत मेलेला फायटर घेऊन माझ्याकडे आले आणि हात पुढे करून म्हणाले, “काकू, माझा हात वाईट आहे का?”

भगिनींनो, मला त्या मुलासमोर दुकानदाराचा, पाहुणीचा आणि आपणा सर्व मोठ्या माणसांचा राग आला. हाताचा यात काय संबंध? या चारांपैकी एकही मासा दुष्ट नाही. टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यात, आपल्यासारख्याच चपळ सोबत्यांत ठेवला तर उत्तम राहतो. एंजल मोठ्या, उंच पेटीत शोभतो. फायटर मुळी एकटा राहणाराच आहे. सयामातल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, लोकांनी पिढ्यान् पिढ्या झुंजीसाठी वाढविलेली ही जात. 2019 साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. अशा पैलवानाला गप्पींच्या घोळक्यात सोडून तो नांदेल अशी अपेक्षा करणे हीच चूक. त्या मुलाला मी हे सगळे कागदावर चित्र काढून समजावले. एक नियम त्याने स्वतःच काढला: ज्याच्या तोंडात जो मावतो, त्याला त्याच्या शेजारी ठेवू नये. पुस्तकात याहून चांगला नियम मला सापडलेला नाही.

मग वरच्या मजल्यावर कोणाला ठेवावे?

गप्पीपासून सुरुवात करू, कारण हे नाव आपल्याला शिकवावे लागत नाही. आरोग्य खात्याची माणसे हौदांत आणि साचलेल्या पाण्यात सोडतात तेच हे गप्पी मासे. डासांच्या अळ्या श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाशी येतात, आणि वर तोंड असलेला हा मासा तिथेच टपलेला असतो, असे ते साधे गणित आहे. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. ‘गप्पी’ हा गप्पांवरून आलेला शब्द असावा असे मला लहानपणी वाटे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या गृहस्थांनी त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठविले आणि 1866 साली त्यांचे नाव माशाला चिकटले. गरीब स्वभाव, काटक प्रकृती, आणि नराची शेपटी पाहावी तर पैठणीचा पदर. एकच अडचण आहे: मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते, आणि साधारण महिन्यागणिक देते. नर काढून घेतला तरी पूर्वीच्या संगाच्या बळावर पुढे काही महिने तिला पिल्ले होत राहतात. तेव्हा प्रथमच पेटी करणारणीने नुसते नर घ्यावेत. माद्या घ्यावयाच्याच असतील तर एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, म्हणजे एकीच्याच मागे ससेमिरा लागत नाही.

दुसरा झेब्रा. हा आपल्या देशातला. अंगावर निळ्या-रुपेरी रेघा, लांबी दीड इंच, आणि क्षणभर स्थिर राहील तर शपथ. तो वरच्या आणि मधल्या मजल्यांत सारखा जिना चढ-उतर करतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये असलेल्या डॉ. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर 1822 साली मोठा ग्रंथ छापला, त्यात याची पहिली नोंद आहे. या एवढ्याशा माशाची पुढची कारकीर्द ऐकाल तर थक्क व्हाल. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर प्रयोग करून 1981 साली ते प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत शिरला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम झाले आहे. 2013 साली त्याची सारी आनुवंशिक मांडणी वाचून झाली, तेव्हा माणसाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर जनुकांना झेब्राकडे जोडीदार सापडला. म्हणजे नात्याने तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. पेटीत ठेवताना मात्र त्याला एकटा-दुकटा आणू नये. दोनच असले तर सबळ झेब्रा दुबळ्याला दिवसभर पळवतो, नाहीतर गप्पीच्या शेपटीशी खेळ मांडतो. सहा-आठ असले की आपसांतच शिवाशिवी चालते आणि बाकीच्यांना निवांतपणा मिळतो. लांब शेपटीच्या गप्पींशी त्याचा शेजार मी फारसा सुचविणार नाही. जमला तर जमतो. पण मग तो जमवीत बसावे लागते.

तिसरा गोरामी, आणि याच्यासाठी मी थोडा अधिक वेळ घेते. गोरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या घड्यांचे एक इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पाण्याबाहेरची हवा सरळ घेतो. आपली मरळ वर येऊन हवा घेते हे ज्यांनी तळ्यात पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. फायटरचेही असेच असते. म्हणून गोरामी वरच्या थरात असतो, आणि मधूनमधून पृष्ठभागाशी येऊन चटकन एक घोट हवा घेऊन जातो. दुकानात लाल-निळ्या पट्ट्यांचा छोटा गोरामी आणि मधाच्या रंगाचा गोरामी असे दोन लहान प्रकार मिळतात. दोन्ही मूळचे आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले, आणि दोघांचीही नोंद त्याच 1822 च्या ग्रंथात आहे. पट्ट्यांचा दिसावयास अधिक देखणा. पण त्याचे दोन नर लहान पेटीत ठेवले तर एक कोपऱ्यात उपाशी मरतो, शिवाय या जातीत एक असाध्य रोगही पसरलेला आहे. मी मधाच्या रंगाच्याच बाजूची. तो दुकानात फिकट, नाव घेण्यासारखा दिसत नाही. घरी महिनाभर निवांत राहिला की असा खुलतो की सांगता सोय नाही. विणीच्या दिवसांत नराचा गळा काळानिळा होतो आणि तो तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. एवढे ध्यानात ठेवावे, की पाण्यावर आलेला तो फेस घाण समजून काढू नये.

आणखी दोघांविषयी थोडक्यात. हॅचेट नावाचा दक्षिण अमेरिकेतला मासा असतो, कोयत्यासारख्या खोल छातीचा. तो खराखुरा पृष्ठभागवासी. पण तो मऊ पाणी, बारीक जिवंत किडे आणि सहा-आठ जणांचा थवा मागतो, आणि छातीच्या स्नायूंच्या जोरावर पाण्याबाहेर झेपावतो. पहिल्या पेटीत तो आणू नये. दुसरा आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला, धानशेतीच्या पाण्यातला पट्टेवाला पँचॅक्स. सरळ पाठ, वर तोंड, डोक्यावर चमकणारा ठिपका. दिसावयास सुंदर, वर तरंगत्या वनस्पतीखाली काठीसारखा स्थिर उभा राहील. पण तोंडात मावेल ते गिळील. चार इंचांपर्यंत वाढतो. झेब्राची पिल्ले नि गप्पी त्याच्यासमोर ठेवणे म्हणजे मांजराला दूध राखावयास सांगणे.

अरोवानाचे नाव मी टाळणार होते. पण वास्तूसाठी, भरभराटीसाठी तो घ्यावा असा सल्ला आपल्याकडेही पोहोचला आहे, म्हणून सांगते. अरोवाना पाण्याच्या पृष्ठभागावरचा मासा आहे हे खरे. अॅमेझॉनच्या काठी तो उडी मारून झाडाच्या फांदीवरचे किडे टिपतो. दुकानात तो सहा इंचांचा असतो. पुढे तो जवळजवळ तीन फूट होतो. दोन फुटांच्या पेटीत तीन फुटांचा मासा ठेवून कोणाच्या घरी भरभराट होणार आहे, याचा विचार आपण सुज्ञांनी करावा. आशियातला अरोवाना तर धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे.

आता हिशोब. आपण घरखर्चाचा हिशोब ठेवतो, तसा पेटीचाही ठेवावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद अशी पेटी आपल्या घरांत बसते. पाण्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. म्हणून पेटी किती उंच यापेक्षा तिचे तोंड किती रुंद याला महत्त्व. 24 इंच गुणिले 12 इंच म्हणजे 288 चौरस इंच. जुन्या शौकिनांचा अदमास असा, की लहान माशाच्या दर इंच लांबीला 12 चौरस इंच पृष्ठभाग हवा. म्हणजे आपल्या पेटीत एकंदर 24 इंच मासे. सहा झेब्रा, दीड इंची, झाले 9 इंच. मधरंगी गोरामीची एक जोडी, दोन-दोन इंच, झाले 13. तळमजल्यासाठी दोन इंचांच्या चार कोरी, झाले 21. तीन इंच हातचे राखावेत, पाहुणा येतोच. कोरी घेताना स्टर्बाय जातीची मागावी, ती उकाडा अधिक सोसते. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरांत पाणी तिशीच्या पुढे जाते, आणि पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. ज्यांना गप्पीच आवडतात त्यांनी झेब्राच्या जागी आठ गप्पी नर घालावेत. गोल्डफिश यांत कुठेच बसत नाही. तो थंड पाण्याचा, मोठा वाढणारा आणि भरपूर घाण करणारा मासा. त्याचा संसार वेगळा मांडावा.

वरच्या मजल्याचे मासे ठेवावयाचे तर पेटीला झाकण हवेच. झेब्रा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांत दोन इंच मोकळी हवा ठेवावी. गोरामी घेतो ती हवा मग दमट आणि ऊबदार राहते. झाकणाचे दुसरे कारण खास आपल्या गावचे आहे. भिवंडीत यंत्रमाग चालतात तिथे रुईचे तंतू उडतात, आणि ते उघड्या पाण्यावर येऊन बसतात. त्यात स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर मिसळला की पाण्यावर तेलकट साय धरते. तळातल्या माशाला तिचे काही नाही. पण जो पृष्ठभागाशीच जेवतो आणि तिथेच श्वास घेतो त्याला ती जाचते, आणि हवेची ये-जाही मंदावते. उपाय सोपा आहे. वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद पाण्यावर अलगद पसरावा आणि एका बाजूने उचलून घ्यावा. साय त्याला चिकटून येते. हवेचा पंप चालू असला तर ती धरतही नाही. मात्र गोरामी असेल तिथे बुडबुड्यांचा जोर मंद ठेवावा. त्याला वाहत्या नळाखाली राहणे आवडत नाही.

पंपाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. डासांची अगरबत्ती, वडी किंवा भिंतीला लावण्याचे औषध यांत बहुधा जी द्रव्ये असतात ती माशांना अत्यंत विषारी असतात. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. रात्री डासांसाठी औषध लावले आणि सकाळी सगळे मासे उलटे पडले, असे एका घरी घडलेले मी पाहिले आहे. पेटी आहे त्या खोलीत मच्छरदाणीच बरी.

पाण्याविषयी आपण टेमघरकरांनी तक्रार करणे शोभणार नाही. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी आपल्या टेमघरच्या केंद्रात शुद्ध होते आणि इथून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर आणि आसपासच्या गावांकडे जाते. ‘स्टेम’ हे नाव शहाड आणि टेमघर या जोडीतून आले आहे, हे आपल्या मुलांना माहीत असू द्या. नाहीतर टेमघर म्हटले की लोक मुळशीकडचे धरणच समजतात. पण माणसासाठी शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात चोवीस तास उघडे ठेवावे, मधूनमधून ढवळावे. किंवा दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात ते घालावेत. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे, सगळे कधीही बदलू नये. नवी पेटी भरून चार-सहा आठवडे थोड्याच माशांवर चालवावी. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, आणि त्याचा निकाल लावणारे सूक्ष्म जंतू वाळूत आणि गाळणीत रुजावयास तेवढा काळ लागतो. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसेच हे.

जेवणाचे म्हणाल तर पंगतीचा न्याय लावावा. पाण्यावर टाकलेले खाणे पहिल्या पंगतीलाच, म्हणजे वरच्या मजल्यावर, संपते. झेब्रा अधाशी, गोरामी संथ. तेव्हा एका कोपऱ्यात चिमूटभर टाकून झेब्रांना तिकडे गुंतवावे आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोरामीला वाढावे. तळमजल्यासाठी बुडणारी गोळी निराळी, दिवा मालवताना. दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. “अजून मागतात हो बिचारे!” असे पुष्कळ जणी म्हणतात. मासे नेहमीच मागतात.

एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बायका विचारतात: मुक्या जिवांना काचेत कोंडणे हे बरे का? मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. अरुंद भांड्यात, चुकीच्या शेजारात, पाणी न बदलता ठेवणे हे खचित पाप आहे, आणि ज्यांना आठवड्याचा एक तास देता येत नाही त्यांनी पेटी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्या माशांच्या कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखाली जन्मल्या, ते नीट जागा, नीट सोबत मिळाली तर स्वस्थ राहतात, खेळतात, विणतात.

माझ्या सासूबाईंचेही आरंभी हेच म्हणणे होते. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या दोन वर्षे खाटेवर होत्या. त्यांची नजर ज्या उंचीवर होती त्या उंचीहून थोडी वर, एका चौरंगावर, मी पेटी ठेवली. आपण उभ्याने पाहतो तेव्हा कधी ध्यानात येत नाही. पण पाण्याचा पृष्ठभाग खालून पाहिला तर आरशासारखा दिसतो, आणि त्याच्याशी पोहणाऱ्या माशाची उलटी प्रतिमा त्यात पडते. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली. जीभ जड झाली होती, तरी म्हणाल्या, “सहा आणलेस म्हणालीस, बारा आहेत.” मग त्यांचा तो नेमच झाला. कोण कोणाच्या मागे लागला, कोण आज जेवला नाही, हे मला त्यांच्याकडून कळू लागले. फेसाचे घरटे प्रथम त्यांनीच पाहिले.

त्यांच्यामुळेच मला एक गोष्ट पक्की समजली, आणि वरच्या थरातले मासे पाळणाऱ्या प्रत्येकीने ती जाणून घ्यावी. एका दुपारी वीज गेली होती, पंप बंद होता. सासूबाई खुणा करू लागल्या. मी पाहिले तर झेब्रा आणि गोरामी नेहमीप्रमाणे वरच होते. मला काही वावगे दिसेना. त्या म्हणाल्या, “खालचे वर आलेत.” पाहते तो कोरी तळ सोडून वर तोंड काढून होत्या. वरच्या माशांचे वर असणे हा त्यांचा स्वभाव. खालच्यांचे वर येणे ही प्राणवायू संपत आल्याची खूण. कोरी अधूनमधून एखादी झेप घेऊन हवा पिऊन जाते, तिचे काही नाही. पण ती वरच घुटमळत राहिली की समजावे. अशा वेळी पेल्याने पाणी घेऊन हातभर उंचीवरून पुन्हा पेटीतच ओतत राहावे. त्या दिवशी मी वीज येईपर्यंत, मधूनमधून का होईना, तेच करीत होते आणि सासूबाई नजर ठेवीत होत्या. एकही मासा गेला नाही. म्हणून म्हणते, सगळी पेटी वरच्या मजल्याच्याच भाडेकरूंनी भरू नये. तळातले मासे शोभेचे नसतील, पण पहारेकरी आहेत.

शेवटी, नको झालेले मासे. पिल्ले फार झाली, मुलांचा उत्साह ओसरला, म्हणजे आपले लोक मासे कामवारीत नाहीतर वऱ्हाळा तलावात सोडून येतात आणि पुण्य केल्यासारखे वागतात. तसे करू नये. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात रुजला की तिथल्या मूळच्या माशांच्या तोंडचा घास काढतो. काच साफ ठेवतो म्हणून आणलेला सकर मासा आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत असा माजला आहे. गप्पीही अपवाद नाही. ते कुठे सोडावयाचे हे आरोग्य खात्यावर सोपवावे. आपल्या घरच्या सिमेंटच्या हौदात, जिथून पाणी बाहेर ओढ्याला जात नाही, तिथे चार गप्पी जरूर ठेवावेत. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिण्याची पिंपे मात्र आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावीत. त्यांत मासे नकोत.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी: कुर्ल्याचा शोभेच्या माशांचा बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केट पाहावे, पण प्रवास उन्हाचा करू नये, आणि पिशवीतले मासे घरी आल्यावर पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगू द्यावेत, मग सोडावेत. नवी मंडळी दिवा बंद करून सोडली म्हणजे जुनी त्यांच्यावर तुटून पडत नाहीत.

माझ्याकडे सध्या गप्पींची साठ-सत्तर पिल्ले आहेत, नर-मादी ओळखू येण्याइतकी झाली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाच्या आत रुंद तोंडाची बरणी आणि घरी चोवीस तास ठेवलेले पाणी घेऊन यावे. पेटी आणि झाकण तयार असेल त्यांनाच देईन. नुसते नर मागितले तर नुसते नरच मिळतील. ती वर सांगितलेली हकीगत ज्याची, तो मुलगा निवडून देण्याच्या कामाला बसणार आहे.